रात्रपाळीच्या सिस्टरला कोण शिकवणार?

म्हैसूरच्या एका खासगी रुग्णालयात मी नर्सिंग सुपरवायझर होते. पेशंट कोडगू, चामराजनगर, मंड्या, अगदी वायनाडहूनही यायचे. सिस्टर कुणी कन्नड, कुणी मल्याळी. औषधांचा चार्ट कागदावरून संगणकावर गेला, तेव्हा त्याचं प्रशिक्षण झालं भर दुपारी, सभागृहात, इंग्रजीतून. नाइट करून घरी गेलेल्या मुली त्या वेळी झोपलेल्या. त्यांच्या हाती पडली एक छापील पुस्तिका.

पुढे एका रात्री सर्व्हर बंद पडला. सिस्टरने रक्त पातळ करणारं इंजेक्शन वेळेवर दिलं आणि वेळ चिठ्ठीवर टिपून ठेवली. सकाळी हँडओव्हरच्या गडबडीत चिठ्ठी मागे राहिली, स्क्रीनवर मात्र डोस बाकी दिसत होता. दिवसपाळीची सिस्टर सिरिंज भरून कॉटपाशी पोचलीसुद्धा. पेशंटच्या बायकोने 'पहाटेच दिलंय' म्हणून अडवलं, म्हणून दुसरा डोस टळला. चौकशीत पहिला प्रश्न आला, 'एंट्री का केली नाही?' सर्व्हर बंद असताना कुठे लिहायचं, हे रात्रीच्या सिस्टरला कुणीच सांगितलं नव्हतं. तरी मेमो तिलाच मिळाला. याचा मला आजही राग येतो.

म्हणून सांगते. सिस्टरला शिकवायचं ते वॉर्डात, तिच्याच पाळीत, तिला कळेल त्या भाषेत. पहिले काही आठवडे रात्रीही एक जाणकार माणूस मजल्यावर फिरता हवा. फोनवरची मदत सलाईन लावता लावता घेता येत नाही. हा माणूस आयटीतलाच हवा असं नाही. वॉर्डातली चटपटीत सिस्टर निवडून तिच्या कामाचा भार तेवढा कमी केला, तर ती जास्त उपयोगी पडते.

सर्व्हर बंद पडणं मोठ्या रुग्णालयांनाही चुकत नाही. दिल्लीच्या एम्सवर 23 नोव्हेंबर 2022 रोजी सायबर हल्ला झाला आणि पुढचे बरेच दिवस तिथलं काम हातानेच चाललं. म्हणून कोरे कागदी चार्ट प्रत्येक वॉर्डात ठेवा, त्यांचा सराव घ्या, आणि सर्व्हर सुरू झाल्यावर राहिलेल्या नोंदी कोण चढवणार तेही आधीच ठरवा. नव्या मुलीला ती रुजू होईल त्याच दिवशी स्वतःचं लॉगिन द्या. ते मिळेपर्यंत ती दुसरीच्या नावानेच नोंदी करणार, आणि तिला रागावून त्यात फरक पडत नाही.

रुग्णालयाबाहेरही नोंदीच्या प्रणालीचा फटका काम करणारीलाच बसतो. जानेवारी 2025 मध्ये कर्नाटकातल्या आशा कार्यकर्त्या बेंगळुरूत आंदोलनाला बसल्या. केलेलं काम पोर्टलवर दिसत नाही आणि मोबदला बुडतो, ही त्यांच्या तक्रारींपैकी एक होती.

व्यवस्थापनाला माझी विनंती आहे: नव्या प्रणालीच्या खरेदी करारातच रात्रपाळीच्या मदतीचा खर्च लिहून घ्या. आणि सही करण्यापूर्वी ती प्रणाली वॉर्डातल्या एखाद्या सिस्टरला एक रात्र वापरून पाहू द्या.