फाइल आहे का? विचारावे कसे, उत्तर वाचावे कसे



कचेरीत दाखला मागायला गेलो की कारकून कपाटात शोधतात आणि मागची रांग खोळंबते. त्याऐवजी त्यांनी शिपायाला कपाटाकडे धाडले आणि तोवर पुढच्याचा अर्ज घेतला तर? शिपाई परतला की आपले नाव पुकारायचे. सर्व्हरवरील असिंक्रोनस काम असेच चालते. रायन डाल यांनी २००९ साली मांडलेल्या नोड.जेएसचा पाया हाच आहे.

समजा, सिल्वासातील एखाद्या शाळेने जुने दाखले सर्व्हरवर ठेवले. पालकांनी एक मागितला. फाइल आहे का, हे पाहायला नोडमध्ये पूर्वी 'एक्झिस्ट्स' ही आज्ञा वापरत. ती फक्त हो किंवा नाही सांगते. कपाटाला कुलूप असले, तरी 'नाही'च! म्हणून तिचा वापर आता टाळायला सांगतात. त्याजागी 'ॲक्सेस' घ्यावी. ती अडली तर कारणही देते: 'ईनोएंट' म्हणजे फाइल नाही, 'ईॲक्सेस' म्हणजे परवानगी नाही. दोन्हींत फरक मोठा. परवानगी नसताना "तुमचा दाखलाच नाही" असे सांगितले, तर मुलाचा प्रवेश अडेल.

आज्ञेपुढे 'अवेट' लिहायला विसरू नका. ते राहिले तर आपल्या हाती उत्तर नसते, 'प्रॉमिस' म्हणजे नुसते वचन असते. 'ट्राय' न थांबता पुढे जातो आणि नसलेली फाइलही आहे असे धरले जाते. शिवाय २०२० च्या नोड १५ पासून, मोडलेले वचन कोणी हाताळले नाही, तर चालू प्रोग्रामच बंद पडतो.

आणखी एक खाचखळगा आहे. 'फाइल आहे' असे कळल्यावर ती उघडेपर्यंतच्या क्षणात दुसरे कोणी ती पुसू शकते. म्हणून वाचायचे असेल तर आधी विचारत बसू नये. सरळ 'रीडफाइल'ने उघडावी आणि 'ईनोएंट' आल्यास 'कॅच'मध्ये नम्र निरोप द्यावा. नवा दाखला लिहिताना 'डब्ल्यूएक्स' ही खूण द्यावी. त्या नावाची फाइल आधीच असेल तर नोड लिहायला नकार देतो आणि जुना दाखला शाबूत राहतो.

गृहपाठ: एक फाइल असलेली, एक नसलेली आणि एक परवानगी काढलेली, अशा तिन्ही वाचून पाहा. कोणती चूक आली ते वहीत लिहा. पालकांनीही शेजारी बसून पाहावे, अशी आमची विनंती आहे.