दोन रुपयांचे पान

नारायण पेठेतील एका बोळात माझ्या मामांची बाइंडिंगची खोली आहे. कॉलेजसाठी गावाहून आल्यापासून मी त्यांच्याकडेच राहते. कागद मोजणे हा मामांचा धंदा असल्याने कोणत्याही छापील वस्तूची किंमत ते प्रथम पानांत काढतात. म्हणूनच आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आलेले पत्र मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा ते पटकन म्हणाले, "तीनशे बारा पाने? अगं, एवढ्यात एक जाडजूड ग्रंथ होतो. आबांना ग्रंथ हवाय का?"

पत्राची हकीकत अशी. आबा रोजगार हमीच्या कामावर सलग १८ दिवस गेले आणि खात्यावर मजुरी मात्र १२ दिवसांची जमा झाली. २०२४-२५ साली महाराष्ट्रात या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती, म्हणजे १,७८२ रुपयांचा प्रश्न. आबांनी माहितीच्या अधिकाराखाली 'या कामाचे सर्व हजेरीपट' मागितले. सव्विसाव्या दिवशी कचेरीचे उत्तर आले : पाने ३१२, दर २ रुपये, एकूण ६२४ रुपये भरावेत. सहा दिवसांची मजुरी शोधण्यासाठी दोन दिवसांहून अधिक मजुरी मोजायची! आबांनी पत्राची घडी घालून ते देवाच्या फोटोमागे ठेवून दिले होते. दिवाळीच्या सुटीत ते माझ्या हाती लागले.

राज्यशास्त्राच्या तासाला या कायद्याची कलमे आम्ही शिकलो होतो. परंतु शुल्काचा भाग परीक्षेला येत नाही म्हणून मी तो सोडून दिला होता. आता तोच वाचायला बसले.

महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये लागतात आणि छायाप्रतीला दर पानी २ रुपये. अभिलेख नुसते पाहायचे असतील तर पहिल्या तासाला काहीच पडत नाही. पुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. पहिल्या अपिलाला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला पुरावा जोडल्यास शुल्क माफ आहे. पण आमचे रेशनकार्ड केशरी, त्यामुळे ती वाट बंद. आणि ३० दिवसांची मुदत उलटून गेली, तर माहिती फुकट द्यावी लागते, असे कलम ७ (६) सांगते. आमचे पत्र सव्विसाव्या दिवशी का निघाले, हे यावरून उमगते. त्यातही गंमत अशी की, शुल्काचे पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत. आबा गप्प बसले तसे घड्याळही थांबले.

पैसे घेऊच नयेत असे मात्र माझे म्हणणे नाही. कागदाला किंमत आहे, हे बाइंडरच्या घरात राहणाऱ्या मुलीला शिकवावे लागत नाही. शिवाय आपल्या कायद्यातली एक सोय मला मोठी वाटते : कारकुनाला कागद शोधायला लागलेल्या वेळाचे पैसे येथे नागरिकाकडून घेत नाहीत. ब्रिटनमध्ये शोधकामाचा खर्च ताशी २५ पौंडांनी मोजतात व तो ४५० पौंडांवर, म्हणजे अठरा तासांवर, गेला तर स्थानिक संस्था अर्जच नाकारू शकते. आपल्याकडेही अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या नियमांत अर्जाला ५०० रुपये ठेवले होते. शेवटी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अर्जाचे शुल्क ५० रुपयांहून आणि पानाचे ५ रुपयांहून अधिक नसावे. त्या मानाने आपले १० आणि २ स्वस्तच.

तरीही आमच्या घरी ते महाग पडले. याचे कारण दरात नाही. गावात कोर्ट फी स्टॅम्प मिळत नाही. नियमात रोख रक्कम चालते, पण कचेरीत 'रोख घेत नाही' असे सांगितले. मग एस.टी.ने तालुक्याला जाणे आले, एक दिवसाची मजुरी बुडणे आले. दहा रुपयांचा अर्ज आबांना तीनशेच्या वर पडला, आणि हा खर्च कोणत्याही पावतीवर येत नाही. नारायण पेठेत राहणाऱ्याला हे कळणे कठीण आहे. येथे खोलीतून उतरले की झेरॉक्सचे दुकान, आणि तो दुकानदार दोन रुपयांहून कमी घेऊन वर नफाही काढतो.

झेरॉक्सच्या या साध्या प्रतीसाठी लोकांनी रस्त्यावर ठाण मांडले होते, हे आमच्या वर्गात फारशा कोणाला ठाऊक नव्हते. राजस्थानात १९९६ साली मजदूर किसान शक्ती संघटनेने ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे धरले. मजुरांचे मागणे हजेरीपटांच्या आणि बिलांच्या प्रती मिळाव्यात, एवढेच होते. सरकार प्रथम नुसते पाहू देण्यास तयार झाले, प्रत द्यायला नव्हे. ज्याला वाचता येत नाही त्याने पाहून काय करायचे? पुढे २००५ साली देशाचा कायदा झाला, आणि १२ ऑक्टोबरला तो अमलात आला त्या दिवशी त्याखालचा पहिला अर्ज आपल्या पुण्यातच, एका पोलीस ठाण्यात, शाहिद रझा बर्नी यांनी दिला.

आमच्या बाबतीत नेमके उलटे झाले. प्रत मिळत होती, 'आधी येऊन पाहा' हे मात्र कोणी सांगितले नव्हते. वास्तविक २०१८ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने परिपत्रक काढून स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू द्यावेत असे कळवले आहे. पुणे महानगरपालिकेत तर ही प्रथा त्याआधीच सुरू झाली होती. आबांच्या पत्रात यातले काही नव्हते; शुल्काविरुद्ध दाद कोठे मागावी हेही नव्हते, जे कलम ७ (३) प्रमाणे लिहायला हवे होते.

चूक थोडी आमचीही. 'सर्व हजेरीपट' असे लिहिले की ३१२ पाने निघणारच. मामांनी पहिल्याच वाक्यात तेच म्हटले होते. सुटीतल्या एका सोमवारी मी आणि आबा कचेरीत गेलो. कारकून सुरुवातीला त्रासले, मग खुर्ची दिली. गठ्ठा सुटायलाच वीस मिनिटे गेली. आबांना अक्षरे सावकाश लागतात, पण स्वतःचे नाव ते लांबूनही ओळखतात. तासाच्या आत आम्ही सहा पाने निवडली. बारा रुपये झाले आणि या वेळी ते रोख घेतले गेले. पावती मी मागून घेतली.

त्या सहांपैकी एका पानावर आबांच्या नावापुढच्या सहाही चौकोनांत हजेरीची खूण आहे आणि तिच्यावर काट मारून 'गैरहजर' लिहिले आहे. ते पान जोडून आम्ही तक्रार केली. तक्रारीला शुल्क नाही. तालुक्याला जाण्यायेण्याचे भाडे आणि आबांचा एक दिवस मात्र पुन्हा गेला. उत्तर यायचे आहे.