एकटेपण आणि खेळ

विद्यार्थिमित्रहो, आणि हा अंक मुलांच्या हातून घेऊन वाचणाऱ्या पालकांनो,

ज्याचा ताप थर्मामीटरवर चढत नाहीं अशा एका दुखण्याविषयीं आज लिहावयाचें आहे. तें दुखणें म्हणजे एकटेपण. जागतिक आरोग्य संघटनेनें जून २०२५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील दर सहा माणसांपैकीं एकास तें जडलेलें आहे, आणि तुमच्या वयाच्या मुलांत त्याचें प्रमाण अधिक आहे. एकटें असणें व एकटेपण हीं मात्र एक नव्हेत. माळावर गुरें राखणारा मुलगा दिवसभर एकटा असून मजेंत असतो. भरल्या वर्गांत बसलेला एखादा मनानें अगदीं एकाकी असूं शकतो.

आपल्याच मुलखांतील उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी. गणपति बोळवून लोक निजले होते. सरकारी गणतीप्रमाणें सुमारें आठ हजार माणसें गेलीं. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदें यांनींच घात केला. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं. घरें मजबूत झालीं, रस्ते रुंद व सरळ झाले. परंतु जुन्या गांवांत भाऊबंद एका गल्लींत, दारासमोर दार असे राहत, तो शेजार अनेक ठिकाणीं मोडला. घरें जमिनीच्या मानानें २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचीं ठरलीं, त्यामुळेंहि जुने शेजारी दूर पडले. जुना बोळ ही नुसती वाट नव्हती. तेथील ओट्यावर बायका धान्य निवडीत, आणि एखादी म्हातारी तेथूनच मुलांच्या लगोरीवर नजर ठेवी. रुंद रस्त्यास ओटा नसतो. इंजिनिअरांस दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. भिंत पुन्हां पडूं नये हें त्यांनीं पाहिलें, व तें योग्यच होतें.

आतां भूकंप न होतांहि शेजार मोडतो आहे. लातूर व नांदेड येथें शिकवणीसाठीं खेड्यापाड्यांतून मुलें येतात. सोळा-सतरा वर्षांचें मूल, एक खोली, मेसचा डबा, भिंतीवर वेळापत्रक. त्या वेळापत्रकांत झोपेस थोडी जागा असते, खेळास मुळींच नसते. असा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. गुण उत्तम होते. तो म्हणाला, "सर, चार दिवस मी कोणाशीं बोललोंच नव्हतों. दुकानांत पेन मागितलें, तेव्हां माझाच आवाज मला परका वाटला." आई रोज फोनवर विचारी, जेवलास का, अभ्यास झाला का? "आज कोणाबरोबर खेळलास?" हा तिसरा प्रश्न तिला आम्हां शिक्षकांनीं कधीं शिकविलाच नव्हता.

खेळाचा येथें काय उपयोग, तें खो-खोवरून पाहा. नवांपैकीं आठ गडी एका रांगेंत, आळीपाळीनें विरुद्ध दिशांस तोंडें करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्यास मधली पट्टी ओलांडतां येत नाहीं, उलट फिरतांहि येत नाहीं. म्हणून कितीहि चपळ असला तरी बसलेल्याच्या पाठीस हात लावून "खो" म्हटल्यावांचून त्याचें चालत नाहीं. बसलेल्यासहि आपण होऊन उठतां येत नाहीं; कोणी तरी हांक द्यावी लागते. लाजाळू मुलास यांत मोठी सोय आहे. काय बोलावें हा प्रश्नच पडत नाहीं. शब्द एकच, आणि तोहि ठरलेला! जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकांत भारताचे पुरुष व महिला दोन्ही संघ जिंकले. त्यांचे नायक प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे महाराष्ट्राचेच. परंतु ज्या शाळेंत चषक आणणाऱ्या बारा जणांपुरतेंच मैदान असतें, तेथें बाकीच्यांच्या वांट्यास टाळ्या तेवढ्या येतात. मला तें पटत नाहीं.

मोठ्यांसाठीं आपल्याकडे येळवस आहेच. त्या अमावास्येस लातूर शहर ओस पडतें. शेत असणारा शेत नसणाऱ्यास आग्रहानें घेऊन जातो. कडब्याच्या कोपीपाशीं भज्जी-आंबिलीची पंगत बसते, आणि झाडाला दोर बांधून पोरें झोके घेतात. यंदा तुमच्या गल्लींत खोली घेऊन राहणारा परगांवचा मुलगा असेल, तर त्यास आदल्या दिवशींच सांगून ठेवा. तो म्हणेल, "अभ्यास आहे." दुसऱ्यांदा विचारा.