आधीं कारण, मग उपाय

साताऱ्याहून कऱ्हाडमार्गें सांगलीस जातांना खड्डा आला कीं आमच्या मोटारीच्या पुढील भागांतून खडखड ऐकूं येई. एका कारागिरानें तपासणी न करितांच दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले. पैसे गेले, आवाज राहिला. दुसऱ्यानें चाक उचलून, लहान पहारीनें सांधे हलवून पाहिले. दोष झिजलेल्या बुशांत होता!

बुश म्हणजे धातूच्या दोन नळ्यांमध्यें घट्ट बसविलेलें रबर. धक्का सांगाड्यापर्यंत पोहोंचूं न देणें हें त्याचें काम. चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं गंधक व उष्णता यांच्या योगें रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधिली. तरी उन्हानें, तेलानें व वयानें तें चिरतेंच. मग स्टिअरिंग भरकटतें, टायर एका कडेनें झिजतो, ब्रेक लावितां गाडी एका बाजूस ओढते. येथें प्रश्न केवळ आवाजाचा नसून आंत बसलेल्या मुलांबाळांच्या जिवाचा असतो.

पालकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, बुश दोन्ही बाजूंचे जोडीनें बदलावे. बैलगाडीच्या आंसास वंगण हवें, पण रबरास खनिज तेल मारक होय. शेवटचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच आवळावे. चाकें लोंबत असतां आवळल्यास रबर पिळलेलेंच राहून लवकर फाटतें. नंतर चाकांचें अलाइनमेंट तपासून घ्यावें. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखालीं कोणीहि शिरूं नये.

विद्यार्थ्यांनो, १९१० सालीं किर्लोस्करवाडी ज्या भूमींत वसली, तेथील मुलांनीं हातीं पाना धरण्यास लाजूं नये. आणि आम्हीं शिक्षकांनीं? कारण न शोधतां मुलास शिक्षा करणारे आम्ही त्या पहिल्या कारागिराहून निराळे कसे?