नव्याण्णव दिसताच ऑक्सिजन कमी का करतात?

प्रश्न : माझा नातू सातव्या महिन्यातच जन्मला. काचेच्या पेटीत आहे, नाकाला ऑक्सिजन लावलाय. माझ्या बोटाला मशीन लावलं तर ९८ येतं. पण बाळाचा आकडा ९८-९९ झाला की सिस्टर ऑक्सिजन कमी करतात, ९२ असला तर हातही लावत नाहीत. एवढ्याशा जिवाला ऑक्सिजन देताना काटकसर कशाला?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, ही काटकसर नव्हे. सिस्टर नातवाचे डोळे जपताहेत.

डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या नऊ महिने भरेपर्यंत वाढत असतात. पोटात ऑक्सिजन बेताचाच असतो आणि त्या वाढीला तोच मानवतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तो जास्त मिळाला की वाढ खुंटते. काही आठवड्यांनी रक्ताला मुकलेल्या पडद्यावर भलत्याच, नाजूक वाहिन्या फुटतात आणि पडदा ओढून सोडवू शकतात. या विकाराला डॉक्टर ‘आरओपी’ म्हणतात.

१९४२ मध्ये बोस्टनच्या डॉ. टेरी यांनी त्याची नोंद केली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनवर बोट ठेवलं. तोवर हजारो मुलांची दृष्टी गेली होती. मग डॉक्टरांनी ऑक्सिजन फारच कमी केला. डोळे वाचले, पण बाळं दगावू लागली. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात काही बाळांना ८५ ते ८९, तर काहींना ९१ ते ९५ वर ठेवलं. कमी आकड्याच्या गटात डोळे अधिक सुखरूप राहिले, मृत्यू मात्र जास्त झाले. म्हणून आज बहुतेक ठिकाणी ९० ते ९५ हा पट्टा पाळतात.

तुमचं ९८ साध्या हवेवरचं आहे, त्यात ऑक्सिजन २१ टक्केच असतो. नातूही उद्या साध्या हवेवर ९८ दाखवू लागला, तर आनंदच. पण ऑक्सिजन चालू असताना आकडा शंभराला टेकला, तर रक्तात किती जादा साठलाय ते मशीनला सांगता येत नाही.

तुमच्या हातात एक काम आहे. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून महिन्याच्या आत तपासायचा असतो, फारच लवकर जन्मलेल्यांचा दोन-तीन आठवड्यांतच. वरून डोळे छान दिसतात, म्हणून टाळू नका. वेळेत सापडलं तर लेसर किंवा इंजेक्शननं बहुतेकांची दृष्टी वाचते. तपासणीची तारीख आजच डॉक्टरांना विचारा. बाळ घरी आलं तरी पुढच्या तारखा चुकवू नका.