रिकामा झोपाळा, कोळशात

साहित्य: पाव इम्पीरियल कार्ट्रिज कागद (११ बाय १५ इंच), विलो चारकोलच्या दोन-तीन कांड्या, मळायचा खोडरबर, जुन्या धोतराचं फडकं, फिक्सेटिव्ह. जुना फोटो मात्र घेऊ नका. मी आजोळची ओटी एकदा फोटो बघून काढली; झोपाळा बरोबर आला, ओटी गेली.

विषय 'बालपण' नको, 'आजोळ'ही नको. एक जागा, एक वेळ धरा. माझ्यापुरतं सांगतो: आजोबा गेल्यानंतरची पहिली मे महिन्याची सुट्टी, दुपार, ओटीवरचा झोपाळा. आधी चिठोऱ्यावर डोळ्यांना न दिसणारं लिहून काढा. कड्यांची करकर, तळपायाला लागणारी सारवलेली जमीन.

मग उंची. तेव्हा सहा वर्षांचे असाल, तर डोळे साधारण साडेतीन फुटांवर. क्षितिजरेषा तिथेच आखा. आढं पार वर जाईल, दाराची कडी हाताबाहेर. ही पायरी गाळली की चित्र मोठ्या माणसाचं होतं.

सगळ्या कागदावर कोळसा आडवा फिरवून फडक्याने चोळा, करडं होऊ द्या. गजांतून आलेली उन्हाची तिरीप खोडरबरने टिपून उचला.

आता झोपाळ्यावर आजोबांना बसवा. हात राखून नको, पूर्ण काढा: कडीला धरलेली मूठ, धोतराच्या निऱ्या, जमिनीला रेटा देणारा अंगठा. जमले की फडक्याने पुसून टाका. कागदाच्या खरबरीत पोतात कोळसा अडकतो. माणूस जातो, करडा डाग उरतो. खोडरबर इथे नको, तो फार स्वच्छ पुसतो. जोहान्सबर्गचे विल्यम केंट्रिज अ‍ॅनिमेशनपट असेच करतात: काढायचं, कॅमेऱ्यात टिपायचं, पुसून त्याच कागदावर पुढचं काढायचं. पुसल्याच्या खुणा पडद्यावर दिसत राहतात. कोपऱ्यात रडणारी आजी काढायचा मोह होईल. आवरा.

आठवत नाही तिथे करडंच ठेवा. माझा डावा कोपरा तसाच आहे. मामा म्हणतो तिथे भाताची कणगी होती. असेल.

कागद उभा धरून मागून टिचकी मारा, सुटी पूड झडेल. फिक्सेटिव्ह उघड्यावर, फूटभर अंतरावरून, दोन पातळ हात.

नाही साधलं तर नवा कागद. नॉर्वेच्या एडवर्ड मुंकची बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयाने गेली; ते आजारपण त्याने चाळीसेक वर्षांत सहा वेळा रंगवलं. माझा हा तिसरा कागद. कड्यांची करकर अजून आलेली नाही.