गाडीला ‘चिप’ बसवावी काय?



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खत, पाणी यांविषयी बोलतो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. गेल्या महिन्यात मुरबाड बाजूच्या गट बैठकीत ठिबकाचे बोलणे आटोपले, आणि एका सभासदाने विचारले, “साहेब, ऊसबिलाचा हप्ता जमा झालाय. पोरगा म्हणतो, गाडीला चिप बसवू. पिकप वाढतो, डिझेलही वाचते. पंचवीस हजार सांगतात. बसवू का?” आणखी तिघे-चौघे लगेच पुढे सरकून बसले. आठवड्याने शहापूरच्या बैठकीतही हाच प्रश्न निघाला. तेव्हा एकेकाला सांगत बसण्यापेक्षा येथे सविस्तर लिहावे असे ठरविले.

मी काही यंत्र-अभियंता नव्हे, शेती पदविकेचा माणूस. पण या धड्याची फी मी स्वतःच्या खिशातून भरली आहे. ती हकीकत पुढे येईलच. आधी मूळ गोष्ट समजून घेऊ.

चिप म्हणजे नेमके काय?

जुन्या जीपमध्ये डिझेल मोजून देण्याचे काम पंप करी. मेकॅनिक पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवी. गाडी जोरात पळे आणि मागे काळा धूर सोडी. आताच्या गाड्यांत हे काम एक लहान संगणक करतो. त्याला ईसीयू म्हणतात. हवा किती आत आली, ती किती गरम आहे, पाय किती दाबला, इंजिन किती फेऱ्यांवर आहे, हे सगळे सेन्सर त्याला कळवतात. त्याच्याजवळ एक तक्ता असतो. आपले खताचे वेळापत्रक असते ना, कोणत्या आठवड्यात किती नत्र, तसाच हा तक्ता: कोणत्या वेळी किती इंधन.

‘चिप’ या एकाच नावाखाली बाजारात चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात.

१) स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये खोचायची स्वस्त डबी. या जातीची एक बहुखपाची डबी तज्ज्ञांनी उघडून पाहिली, तेव्हा आत दिवे लुकलुकविण्यापुरताच ऐवज निघाला. गाडीच्या संगणकाशी बोलण्याची सोयच तीत नव्हती.

२) हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडायचा रेझिस्टर. किंमत काही रुपये, विक्री ‘चिप’ म्हणून. तो संगणकाला खोटे सांगतो की हवा थंड आहे. संगणक त्या हिशेबाने इंधन वाढवतो. फायदा झाला तर पंपवाल्याचा.

३) डिझेल गाडीची ट्यूनिंग बॉक्स. इंधनाच्या नळीतील दाब मोजणारा सेन्सर आणि संगणक यांच्यामध्ये ही बसते आणि दाब आहे त्यापेक्षा कमी दाखवते. मग संगणक दाब वाढवतो व जादा डिझेल आत जाते. आजच्या डिझेल गाडीत हा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. टायरमध्ये असतो सुमारे दोन बार. त्यावरून अंदाज करा.

४) रिमॅप. यात वेगळा डबा नाही. संगणकातला तक्ताच बदलून लिहितात. जाणकाराने केले तर चौघांत हेच सर्वांत नीट काम. अर्धवट माणसाने केले तर हेच सर्वांत महाग.

ताकद येते कोठून?

इंजिन नुसत्या इंधनावर चालत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. आता बघा, उसाला पाणीच कमी असेल तर युरियाच्या आणखी दोन गोण्या टाकून टनेज वाढते का? नाही. जे कमी आहे तेच उत्पन्न ठरवते. इंजिनात बहुधा हवा कमी असते.

साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत सिलिंडर जेवढी हवा ओढील तेवढीच. तेथे तक्ता बदलून फरक पडतो तो थोडा, पुष्कळदा पायाला जाणवणारही नाही इतका. म्हणून साध्या पेट्रोल गाडीला चिप घेणे म्हणजे पैसे पाटात सोडणे होय.

टर्बो डिझेलची गोष्ट वेगळी. तेथे पंखा हवा दाबून आत घालतो, आणि डिझेल इंजिन एरवी हवेच्या मानाने कमी इंधनावरच चालत असते. म्हणून अशा गाडीत नीट केलेल्या रिमॅपने ताकद चांगली वीस-पंचवीस टक्के वाढू शकते. हे खोटे नाही. विकणारा येथवर खरे बोलतो. पुढचे मात्र सांगत नाही.

मग कंपनीनेच ती ताकद का दिली नाही?

हा प्रश्न सभासदाच्या मुलानेही मला विचारला. फियाटचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन आपल्याकडे खूप चालले. पुण्याजवळ रांजणगावला ते तयार होई आणि मारुतीनेही ते परवान्याने बनवून स्विफ्टमध्ये घातले. हेच इंजिन एका गाडीत ७५ अश्वशक्तीचे, तर दुसरीत ९० च्या आसपास. लोक म्हणत, फरक फक्त चिपचा. तसे नव्हते. जादा ताकदीच्या गाडीत टर्बोच निराळा, पाती फिरणारा होता. म्हणजे कंपनीने ताकद वाढवली तेव्हा तक्त्याबरोबर लोखंडही बदलले. आपण नुसता तक्ता बदलतो. क्लच, गिअर, टर्बो तेच राहतात.

शिवाय कंपनीला सगळ्यांचा विचार करावा लागतो. एप्रिलचे ऊन, भेसळीचे डिझेल, गच्च भरलेली गाडी, वेळेवर न बदललेले ऑईल. या सगळ्यांसाठी ती थोडी राखीव जागा ठेवते. चिपवाला आपल्याला विकतो ती हीच जागा.

धुराचाही हिशेब त्याच तक्त्यात असतो. २०१५ साली फोक्सवॅगन कंपनीचे प्रकरण जगभर गाजले. चाचणीच्या वेळी धूर कमी आणि रस्त्यावर जास्त, अशी करामत गाडीच्या संगणकात घातलेली होती. आपल्या देशात पुण्याच्या ए.आर.ए.आय. या संस्थेने तपासणी केली, आणि त्या डिसेंबरमध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचे जाहीर केले. सांगायचा मुद्दा हा की ताकद, इंधन आणि धूर या तिन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या आहेत. एक ओढली की बाकीच्या हलतात. एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस.-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. जादा डिझेल म्हणजे जादा काजळी. फिल्टर तुंबला की दुरुस्तीचा खर्च चिपपेक्षा जड होऊ शकतो.

माझी स्वतःची फी

सात-आठ वर्षांपूर्वी मी एक वापरलेली डिझेल गाडी घेतली होती. शहरातल्या एका दुकानात अठरा हजार देऊन ट्यूनिंग बॉक्स बसवली. पहिले चार महिने मी खूष होतो. टोकावडे सोडून माळशेज चढताना जेथे दुसरा गिअर लागे तेथे तिसरा पुरू लागला. पाचव्या महिन्यात भर पावसात, गाडीत आई आणि वहिनी असताना, घाटात क्लच घसरू लागला. इंजिन ओरडतेय आणि गाडी पुढे जात नाही. मागे एस.टी., बाजूला धुके. कशीबशी गाडी कडेला घेतली. दोन तास आई पावसात गाडीत बसून होती. एक शब्द बोलली नाही, त्याचेच मला जास्त लागले.

क्लचला चौदा हजार गेले. जुनी गाडी, क्लच आधीच झिजला असेल, हे मी नाकारत नाही. पण त्यावर जादा जोर मीच टाकला. डिझेलची वही काढून पाहिली तर बॉक्सच्या आधी सरासरी १६ च्या थोडी वर, नंतर १६ च्या थोडी खाली. कारण साधे आहे. पिकप मिळाला की पाय दाबलाच जातो.

डिझेल वाचण्याचा हिशेब

समजा गाडी वर्षाला १२,००० कि.मी. चालते, लिटरला १४ देते आणि डिझेल ९० रुपये धरले. वर्षाला ८५७ लिटर लागतात. चिपने ५ टक्के ॲव्हरेज वाढले असे मान्य केले तर ४१ लिटर वाचतात, म्हणजे सुमारे ३,६७० रुपये. पंचवीस हजार फिटायला जवळजवळ सात वर्षे. १० टक्के धरले तरी साडेतीन वर्षे, आणि तेही मध्ये काही न मोडता. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण खात्याने इंधन वाचविणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक साधने तपासली. त्यांत लक्षणीय बचत करणारे एकही निघाले नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करण्यास मनाई आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास मालकाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद घातली. वॉरंटीतल्या गाडीचे इंजिन बिघडले व चिप सापडली तर कंपनी हात वर करते. विमा कंपनीला न कळवता बदल केला असेल, तर अपघातानंतर दाव्याला अडचण येऊ शकते. घरातला कर्ता माणूस गाडी चालवीत असेल तर याचा विचार आधी करावा.

मग काय करावे?

१) गाडीचा पिकप पडला असेल तर वाढवण्याआधी तो का पडला ते पाहा. एअर फिल्टर, टर्बोची रबरी नळी, डिझेल फिल्टर आणि ब्रेक चिकटतो का, या चार गोष्टी प्रथम.

२) टायरची हवा दर पंधरवड्याला थंड टायरवर तपासा.

३) वेग आवरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० ऐवजी ८० ने गेलात तर तो एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून पुढे आमणेपर्यंत खुला झाला आहे. रस्ता चांगला म्हणून पाय दाबाल तर बचत तेथेच उडेल.

४) कोणी ‘ॲव्हरेज वाढते’ म्हटले तर प्रयोग करा. आपण दोन सऱ्यांना नवे खत घालतो आणि दोन तशाच ठेवतो, तसे. टाकी काठोकाठ भरा, नेहमीच्या रस्त्याने चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. असे तीन वेळा चिपशिवाय, तीन वेळा चिपसह. वहीत लिहा. गाडीतल्या पडद्यावरच्या आकड्यावर भरवसा नको. ज्या संगणकाला आपण खोटे सांगितले, तोच तो आकडा दाखवतो.

ज्याला हौस आहे, गाडी नवी व धडधाकट आहे, खर्च सोसतो आणि जो शर्यतीच्या बंद मैदानावर चालवतो, त्याने जाणकाराकडून रिमॅप करून घ्यावे. त्याची हौस त्याला लखलाभ. शेत, बाजार, दवाखाना आणि लग्नकार्य एवढ्यासाठी गाडी ठेवणाऱ्या सभासदाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या सभासदाचे सांगतो. बैठकीनंतर आम्ही त्यांची गाडी गावच्या मेकॅनिककडे नेली. एअर फिल्टर धुळीने बुजलेला, टर्बोच्या नळीला बोटभर चीर आणि मागचे दोन्ही टायर नरम. सगळे मिळून तीन हजारांच्या आत काम झाले. दुसऱ्या दिवशी पोरगा गाडी घाटात घेऊन गेला आणि परत येऊन म्हणाला, “साहेब, चिप नको.” उरलेल्या पैशांतून त्यांनी खोडव्याचे खत वेळेवर घेतले. खोडव्याला एकरी शंभर किलो नत्र आपण सांगतो, पण हप्ता इतरत्र खर्च झाला की पहिली काटछाट तेथेच होते, हे आपण सारे जाणतो.

गाडीविषयी शंका असल्यास गट बैठकीत जरूर विचारा. फक्त खोडव्याचे पाचट जाळू नका, हे जाता जाता पुन्हा सांगतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी